निजानीज : रात्रीच्या कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

सोलापुरातील विडी घरकुलातील आणि अशोक चौकामागच्या बोळांतील बायकांशी गेले तीन आठवडे आम्ही बोलत होतो. आमच्या सामुदायिक रेडिओवरचा दुपारी दोनचा महिलांचा कार्यक्रम या बायकांच्या कानी पडतच नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. दुपारची वेळ रेडिओवर फार जुनी आहे. बीबीसीने ७ ऑक्टोबर १९४६ रोजी ‘वुमन्स अवर’ सुरू केला तो दुपारी दोनला, आणि आकाशवाणी मुंबईच्या ‘वनिता मंडळा’ने मराठी घरांतही दुपारचीच सवय रुजवली. जेवणे उरकली, भांडी झाली की बाईला तासभर निवांतपणा मिळतो, हे त्यामागचे गृहीत आहे. विडी वळणाऱ्या बाईला असा तास नसतो. सकाळी ती आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचला जाते, तेथे छाट म्हणजे नापास विड्या बाजूला काढून उरलेल्या विड्या मोजून घेतल्या जातात, पाने व तंबाखू घेऊन ती घरी परतते आणि मग स्वयंपाकपाण्याच्या फटींतून हजार विड्यांचा आकडा गाठण्यासाठी दिवेलागणीपर्यंत सुपावर वाकून बसते. रात्री सगळे झोपले की ती उद्याची पाने ओली करून फडक्यात गुंडाळते, किंवा आधी भिजलेली पाने पत्र्याच्या मापाने कापत राहते. तेवढा वेळ मात्र तिच्याशेजारी कोणी नसते. साखर पेठेतील एक अक्का म्हणाल्या, “निजानीज झाली की मगच माझं डोकं माझं असतंय.” कार्यक्रमाचे नाव तेथेच ठरले.

आज सल्लागार समितीपुढे रात्री साडेदहा ते साडेअकरा ही वेळ मांडली. वीज, रात्रपाळीचा माणूस, महिला सहकाऱ्यांचे रात्री घरी परतणे, असे तिन्ही आक्षेप रास्त होते. मी दोन गोष्टी सांगितल्या. शेजारच्या तेलंगणातील माचनूरचे ‘संघम रेडिओ’ हे केंद्र १५ ऑक्टोबर २००८ पासून गावातील दलित महिला चालवतात, आणि शेतावरून बायका घरी परतल्यानंतरची संध्याकाळची सात ते नऊ ही वेळ त्यांनी स्वतःच्या दिनक्रमावरून निवडली. दुसरी गोष्ट अशी की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितले आणि त्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे निकालपत्र आहे. ती मालमत्ता आम्ही रात्री नऊला कुलूप लावून बंद ठेवतो, नेमकी जिला ती हवी आहे तिच्या वेळेला. समितीने तीन महिन्यांसाठी मंगळवार व शुक्रवार दिले. परतीच्या रिक्षाचा खर्च केंद्र करणार आहे.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार

आमचा ट्रान्समीटर ५० वॅटचा आहे, आणि सामुदायिक रेडिओला अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती सहसा १०० वॅटपर्यंतच ठेवता येते. काल रात्री अकराला तंत्रज्ञ आणि मी साधा बटणांचा फोन घेऊन पूर्व भागात फिरलो. कुंभारीजवळ विडी कामगारांच्या १०,००० घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आवाज स्वच्छ येतो, काही गल्ल्यांत मात्र खरखर आहे. या फोनमधला रेडिओ इअरफोन जोडल्याशिवाय लागत नाही, कारण त्या वायरीचीच एरियल होते. ही गैरसोय आमच्या पथ्यावर पडणार आहे. बाई रेडिओ ऐकते आहे हे शेजारी झोपलेल्यालाही कळणार नाही.

फोनची व्यवस्था ठरवायला सबंध दिवस गेला. बाईने मिस्ड कॉल द्यावा आणि आम्ही उलट फोन करावा, कारण तिच्याकडे बॅलन्स असेलच असे नाही. हा उलट फोन त्याच रात्री, कार्यक्रमाच्या वेळेतच जाईल, दुसऱ्या दिवशी कधीही जाणार नाही. आलेला आवाज थेट प्रसारित न होता दहा सेकंदांच्या विलंबाने जाईल, म्हणजे कोणी चुकून नाव घेतले तर ते वगळता येईल. फोन घरातल्या पुरुषाने उचलला तर काय करायचे, यावर मात्र आम्ही अडलो. न बोलता फोन ठेवला तर संशय वाढतो आणि चुकीचा नंबर म्हटले तर तो पुन्हा फोन लावून पाहतो. उत्तर आमच्या क्षेत्र कार्यकर्तीने दिले. ती म्हणाली, “ताई, रेडिओचा फोन आलाय म्हणून खरंच सांगायचं आणि कुठलं गाणं लावू म्हणून विचारायचं.” गाण्यांची फर्माईश ही रेडिओवरची सर्वांत निरुपद्रवी गोष्ट आहे, तिच्यामुळे कोणाच्या घरात काही बिघडत नाही. त्याने सांगितलेले गाणे त्याच रात्री लावायचे, असेही ठरले, म्हणजे आम्ही खोटे बोललो असे होणार नाही.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

पहिला कार्यक्रम. अकरा मिस्ड कॉल आले आणि चौघींशी बोलणे झाले. दोन ठिकाणी पुरुषांनी फोन उचलला व दोघांनीही जुनी हिंदी गाणी मागितली.

तिसऱ्या फोनवर एक बाई जवळजवळ नऊ मिनिटे बोलल्या. मराठी बोलता बोलता तेलुगूत शिरत होत्या आणि आमची निवेदिका त्यांच्या मागोमाग तेलुगूत जात होती. थोरल्या मुलीच्या लग्नानंतर घरात जी शांतता आली ती सोसत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्या बोलत असताना मागे एक बारीक, ठरावीक अंतराने येणारा आवाज होता. कच्, मग एक क्षण, पुन्हा कच्. त्या पाने कापत होत्या. फोन आवाजाची एक अरुंद पट्टीच पलीकडे पोहोचवतो, सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच, तरीही कात्रीचा आवाज त्यातून सुटला नव्हता. मुलीचे नाव तोंडावर आले की कात्री थांबायची आणि दुसरे काही बोलू लागल्या की पुन्हा चालू व्हायची. तंत्रज्ञाने हा आवाज गाळून टाकू का, असे खुणेने विचारले आणि मी मान हलवून नको म्हटले. या भागातील हजारो घरांत त्या क्षणी हाच आवाज चालू होता आणि ऐकणारीला आपण एकटी नाही हे आमच्या कोणत्याही वाक्यापेक्षा त्या कात्रीने अधिक नीट सांगितले असेल, असे मला वाटते.

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार

आज वकील बाई पाहुण्या होत्या. एकीने विचारले की घर सासऱ्याच्या नावावर आहे, तर मला बाहेर काढता येईल का. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्याच्या कलम १७ नुसार सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला मालकीवर अवलंबून न राहता मिळतो, आणि घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही माहिती बहुतेकींना नवी होती.

मदतीचे क्रमांक (१८१ आणि १५१००) प्रत्येकी तीनदा, एकेक आकडा सुटा करून सांगायचे ठरले होते. रात्री अंधारात लिहायला काही नसते. दुसऱ्या एका अक्कांनी नंतर सांगितले की त्यांनी कात्रीच्या टोकाने पानावर आकडे कोरले आणि ते पान विड्यांच्या पानांत मिसळू नये म्हणून देवाच्या फोटोमागे ठेवले.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये हा विषय सध्या प्रत्येक कार्यक्रमात निघतो. पैसे बाईच्या खात्यात येतात, परंतु बँकेचा संदेश खात्याशी जोडलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर जातो. मोबाइल क्रमांक कसा बदलून घ्यायचा, हे पुढच्या मंगळवारी नीट सांगू.

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

पॉडकास्ट आजपासून सुरू केला. पुण्यात नोकरीला गेलेल्या मुली आणि भिवंडीत यंत्रमागावर गेलेल्या कुटुंबांतील बायका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मागत होत्या. गाणी मात्र काढून टाकावी लागली. प्रसारणासाठी गाणे वाजवण्याचा परवाना इंटरनेटवर लागू होत नाही. प्रसारणासाठीची वैधानिक परवान्याची तरतूद इंटरनेटवरील सेवांना मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तासाभराच्या कार्यक्रमातून बोलण्याची २८ मिनिटे उरली. एकाच वाहिनीत (मोनो), ६४ केबीपीएस दराने त्याची फाइल साडेतेरा एमबीच्या आत बसते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सहज पुढे जाते. आज मला या सोयीचा फार आनंद झाला होता, असे येथे नोंदवून ठेवते.

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आमच्या हातून मोठी चूक झाली आहे.

१८ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात एका बाईंनी मधल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी गुपचूप पैसे साठवत असल्याचे सांगितले होते. पैसे कोठे ठेवतात, हेही त्या हसत हसत सांगून गेल्या होत्या. नाव नव्हते, पत्ता नव्हता आणि पॉडकास्टसाठी त्यांची परवानगी आम्ही फोनवरच घेतली होती. “लावा की ताई,” असे त्या म्हणाल्या होत्या. तो भाग व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत त्यांच्या नणंदेपर्यंत पोहोचला. नणंदेने आवाज ओळखला. पैसे गेले, घरात दोन दिवस भांडण चालले आणि बाईंचा फोन काढून घेण्यात आला. हे आम्हांला त्यांच्या शेजारणीने आज सांगितले.

दुपारी चारच्या आत तो भाग फीडमधून काढला. ज्यांनी तो उतरवून घेतला आहे किंवा ज्यांच्या फोनवर तो पुढे गेला आहे, तेथून तो आम्ही काढू शकत नाही. रेडिओवर बोललेला शब्द त्या रात्री हवेत विरतो, तो धरून ठेवण्याचे आमच्यावर असलेले बंधन एवढेच आहे की प्रसारित कार्यक्रम तीन महिने केंद्रात जपून ठेवायचे आणि ती प्रत कुलपात असते. पॉडकास्टने तोच शब्द कोणाच्याही खिशात, कितीही काळ आणि पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगा करून ठेवला. त्या बाईंनी परवानगी दिली होती ती रात्री अकराला, एकट्या असताना, आमच्या निवेदिकेच्या मायेच्या आवाजाला. ती परवानगी पॉडकास्टची होती असे मानणे हा माझा निष्काळजीपणा आहे, निवेदिकेचा नाही.

आजच्या कार्यक्रमात फक्त गाणी लावली.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

तो भाग आम्ही पाच जणींनी कान देऊन पुन्हा ऐकला. ओळख कशाने पटली असेल याची यादी करू लागलो. तीन मुली आणि मधली नर्सिंगला, हे एक. दर दोन वाक्यांनी येणारे “ऐका की” हे दुसरे. वाक्य संपताना येणारा सुका खोकला हे तिसरे, मात्र तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या कितीतरी बायकांना तसाच खोकला आहे. चौथी गोष्ट माझ्या लक्षात आलीच नव्हती. सहाव्या मिनिटाला मागे भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजतात आणि ठोक्यांआधी एक छोटी धून वाजते. शेजारणीला विचारले तेव्हा ती म्हणाली की ते घड्याळ नणंदेनेच घरभरणीला दिले होते.

कात्रीचा आवाज सगळ्या घरांचा होता, घड्याळाचा आवाज एका घराचा होता. पहिला मी कौतुकाने राखला आणि त्याच कौतुकात दुसरा ऐकायचा राहून गेला.

आवाजाची पट्टी वरखाली करून पाहिली. आमच्याच सहकाऱ्यांचे आवाज बदलून एकमेकींना ऐकवले, तर पहिल्या दोन वाक्यांतच सगळ्या ओळखू आल्या. कोण कोठे थांबते, कोण “म्हणजे” किती वेळा म्हणते, कोणाच्या बोलण्यात कानडी हेल आहे, हे कोणत्याही यंत्राने झाकले जात नाही. शिवाय असा बदललेला आवाज टीव्हीवर गुन्हेगाराच्या मुलाखतीला वापरतात आणि आपली बाई तशी ऐकू यावी, हे आमच्यापैकी कोणालाच पटले नाही.

पॉडकास्ट तूर्त बंद.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

समितीतील ज्येष्ठ सदस्या आज जात्यावरच्या ओव्यांविषयी बोलल्या आणि तेथून वाट दिसू लागली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांची नावे व गावे आदराने नोंदवली. परंतु ओवीतली बाई म्हणजे गाणारी बाईच असते, असे कोणी मानत नाही. सासुरवास ओवीत येतो, भावाने पाठ फिरवल्याचे दुःख येते, तरी सासू दारात उभी राहून “हे माझ्याविषयी का?” असे विचारू शकत नाही, कारण ती ओवी आईकडून आलेली असते, शेजारणीकडून आलेली असते आणि तिचा काही भाग त्या पहाटेचा स्वतःचा असतो. बाईने अंधारात, घर झोपलेले असताना, सगळे सांगावे आणि ते कोणा एकीवर येऊ नये, ही सोय आपल्या आज्यांनी केव्हाच करून ठेवली होती. आम्ही मात्र माइक हाती येताच प्रत्येकीला स्वतःच्या आवाजात, स्वतःची म्हणून बोलायला लावले आणि त्यालाच सक्षमीकरण म्हणत राहिलो.

प्रस्ताव असा आहे : रेडिओवर बाई स्वतः बोलेल, पॉडकास्टवर तिची गोष्ट दुसरी बाई सांगेल.

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

पहिला प्रयत्न फसला. निवेदिकेने लिहिलेला मजकूर वाचला आणि तो बातमीसारखा वाटला. दुसऱ्या प्रयत्नात घरकुलातील एका विडी कामगार बाईंना मूळ प्रत न ऐकवता गोष्ट तोंडी सांगितली, मधे एक दिवस जाऊ दिला आणि मग त्यांना जशी आठवते तशी सांगायला बसवले. त्यांनी तपशील आपणहून बदलले, दोन ठिकाणी स्वतःचा अनुभव मिसळला आणि एका जागी त्यांना रडू आले. हे ध्वनिमुद्रण ठेवले. ते सांगत असताना त्यांच्या हातात रिकामे सूप होते, ते त्यांनीच मागून घेतले होते; हात रिकामे असले की बोलता येत नाही, असे त्या म्हणाल्या.

दुसऱ्या परवानगीची पद्धतही ठरली. दिवसा फोन न करण्याचा आमचा नियम मोडायचा नाही, म्हणून बोलून झाल्यावर प्रत्येकीला एक साधा शब्द दिला जातो, कोणत्याही फळाचे किंवा भाजीचे नाव. आठ दिवसांच्या आत कार्यक्रमाच्या वेळेत तिने स्वतः मिस्ड कॉल देऊन तो शब्द सांगितला तरच तिची गोष्ट पुढे जाते. तिने काही कळवले नाही तर तिचा नकार समजायचा, कारण विचारायचे नाही. यामुळे महिन्याला आठऐवजी कदाचित दोनच भाग होतील, हे समितीला आधीच सांगितले आहे. निधी देणाऱ्यांना भागांची संख्या हवी असते, त्यांना या नोंदींची प्रत पाठवत आहे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा दिवस. सगळे शहर नंदीध्वजांमागे होते, स्टुडिओत आम्ही तिघी. मिस्ड कॉल दोनच. त्यातील एक फोन फक्त “वांगी” एवढा शब्द सांगण्यासाठी होता.

३१ जानेवारी २०२५, शुक्रवार

अकरा वाजून दहा मिनिटांनी अनोळखी क्रमांकावरून मिस्ड कॉल आला. उलट फोन केला तर त्याच बाई होत्या, ज्यांचा आवाज ऑक्टोबरमध्ये आमच्यामुळे घरात पोहोचला. मुलीला संस्थेत शिकाऊ म्हणून विद्यावेतन सुरू झाले आहे आणि हा फोन तिचा आहे. प्रसारण सुरू न करता निवेदिकेऐवजी मी बोलले आणि माफी मागितली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ऐका की ताई, ती गोष्ट काढून टाकली म्हणे तुम्ही. आता दुसरी बाई सांगती ना, तशी माझी पण लावा. पैसे गेले, गोष्ट तरी राहू द्या.”

मी घाईने हो म्हटले नाही. तुमच्यासाठी तोंडी सांगितलेली प्रत तयार करू, ती आधी तुम्हांलाच ऐकवू आणि मग तुम्ही शब्द सांगा, असे सुचवले. त्यांना “शेपू” हा शब्द दिला.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

प्रत फोनवरून त्यांना ऐकवली. आम्ही त्या बाईला विडी कामगार न ठेवता टॉवेलच्या कडा शिवणारी केले होते, तीन मुलींच्या जागी एक मुलगा व एक मुलगी घातली होती, नर्सिंग काढून शिवणकामाचा डिप्लोमा आणला होता आणि पैसे लपवण्याची जागा पूर्णपणे वगळली होती. सांगणाऱ्या बाई दत्त नगरच्या आहेत आणि त्यांचे बोलणे ठाशीव आहे. मूळ बाईंनी सात मिनिटे मधे एकही शब्द न बोलता ऐकले. मागे घड्याळ नव्हते, त्या मुलीच्या खोलीवरून बोलत होत्या.

मग त्यांनी दुरुस्ती सांगितली. रात्री अकराला शिलाई मशीन चालवली तर शेजार उठेल, त्यामुळे ही गोष्ट ऐकणाऱ्या बायकांना खोटी वाटेल; तिला शेंगा सोलायला बसवा, त्याचा आवाज होत नाही. आणि मुलीला एका भावाऐवजी दोन भाऊ द्या, म्हणजे तिच्या शिक्षणाला पैसे का उरत नाहीत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दोन्ही बदल करून घेतले. दत्त नगरच्या बाई उद्या सकाळी ब्रँचवरून परस्पर येतील, तेव्हा सुपात घालायला अर्धा किलो शेंगा आणून ठेवायच्या आहेत.